गोरक्षची मार्चअखेर

माझी जिरवून कोणी सुखानं राहिलेलं नाही. फुशारकी वाटत असेल तर नाशिकरोडला येऊन कोणालाही विचारा.

माझा नवरा पुंजाराम आणि गोरक्ष यांचा भागीदारीत द्राक्षाच्या पेट्यांचा कारखाना होता. कारखाना कसला, पत्र्याची शेड, एक लाकूड कापायचं मशीन आणि खिळे ठोकायला आमच्या वस्तीतल्या बाया. निफाडकडच्या बागांना आम्ही लाकडी पेट्या पुरवायचो. या धंद्याची रीत आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. दिवाळी झाली की लाकूड, खिळे आणि मजुरीत सगळा पैसा ओतायचा. जानेवारीपासून पेट्या बागेत उधार टाकायच्या. बागाईतदाराला दिल्ली-कलकत्त्याचा व्यापारी पैसे देणार, मग तो आम्हाला देणार. तोवर मे-जून उजाडायचा. म्हणजे दिवाळीत गल्ला भरलेला आणि मार्चमध्ये खडखडाट. म्हणून आमचं हिशेबाचं वर्ष लक्ष्मीपूजनाला संपायचं.

एक्याऐंशीच्या मार्चमध्ये पुंजाराम काविळीनं गेला. करारात लिहिलं होतं की भागीदार वारला तर त्या दिवसापर्यंतचा हिशेब करून त्याचा वाटा घरच्यांना द्यायचा. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, लोक अजून मांडवात होते, आणि गोरक्ष कागद घेऊन उभा राहिला.

"वहिनी, धंदा तोट्यात हाय. वाटा राहिला बाजूला, उलट पुंजारामकडंच चार हजार निघतात."

मी म्हटलं, "भाऊजी, बागेत गेलेल्या पेट्यांचे पैसे यायचेत ना?"

"यायचेत, आले नाय. आपला हिशेब रोकडीचा. पैसा हातात पडला तरच तो पैसा. बिलाला काय चाटायचंय?" मग चार माणसांकडे बघून तो मोठ्यानं म्हणाला, "पण मित्राच्या बायकोकडून मी काय वसूल करनार नाय. ते चार हजार मी सोडले."

लोकांनी माना डोलावल्या. भला माणूस, म्हणाले. मला हिशेबातलं तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. जूनमध्ये सगळ्या पेट्यांचे पैसे आले आणि गोरक्षनं घरावर दुसरा मजला चढवला. आमच्या घरचं पाणी तो कधी प्यायला नाही. पुंजारामचा घाम मात्र त्याला चालला.

पुढच्या हंगामात वस्तीतल्या बाया माझ्याबरोबर बाहेर पडल्या. मी वेगळी शेड टाकली. आमची पेटी ट्रकमध्ये उसवत नसे, त्यामुळे बागाईतदार आपण होऊन येऊ लागले. विक्रीकराचे कागद करायला झुंबर वकील ठेवले. फी देत होते, म्हणून प्रश्नही भरपूर विचारले. त्यांनीच समजावलं की हिशेब दोन तऱ्हांनी होतो. एक रोकडीचा, पैसा आला-गेला तेवढाच धरायचा. दुसरा व्यापारी पद्धतीचा, माल देऊन बिल केलं की तेव्हाच उत्पन्न धरायचं, पैसा भले नंतर येवो. दुसऱ्या तऱ्हेनं केला असता तर त्या मार्चमध्ये पुंजारामच्या वाट्याला चांगली रक्कम आली असती. कायद्याला दोन्ही तऱ्हा चालतात, म्हणाले. म्हणजे गोरक्ष खोटं बोलला नव्हता. त्यानं सोयीचं तेवढं खरं निवडलं होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

पंच्याऐंशीला गोरक्ष स्वतः माझ्या दारात आला. त्याच्याकडे लाकूड स्वस्त मिळवायची ओळख होती, पण ठोकणाऱ्या बाया नव्हत्या. "एकत्र येऊ वहिनी," म्हणाला. वस्तीत सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. मी हो म्हटलं. अट एकच घातली, करार जुनाच, शब्द न् शब्द तोच. फक्त खरेदी आणि उधारी माझ्या हातात. तो खूश झाला. त्याला वाटलं, बाईला कुठं कळतंय.

त्या करारात होतं की हिशेब रोकडीचा. भागीदाराला निघायचं असेल तर हिशेबी वर्षाच्या शेवटच्या दिवशीच निघता येईल, नोटीस आधी द्यायची आणि दिलेली परत घ्यायची नाही. मी वाट बघत बसले. मला वाट बघता येते.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात झुंबर वकिलांनी आम्हा दोघांना बोलावून सांगितलं की सरकारनं आता सगळ्यांचं वर्ष एक केलंय. दिवाळीला वही बंद करायची नाही, चालू वर्ष लांबून थेट एकोणनव्वदच्या एकतीस मार्चला संपणार. वकील बोलायला लागले की गोरक्ष पान लावायला घ्यायचा. त्या दिवशीही घेतलं. त्याच्या लेखी वर्ष लक्ष्मीपूजनाला संपायचं, सरकार काही म्हणो.

श्रावणात तो म्हणाला, "वहिनी, लाकडी पेटीचे दिवस भरले. मी अंबडच्या एमआयडीसीत प्लॉट घेतलाय, पुठ्ठ्याची खोकी काढनार. बयाणा दिलाय, बाकीचं वर्षअखेरीला माझा वाटा घेऊन भरतो."

"मग आत्ताच लिहून द्या," मी म्हटलं. "म्हणजे मला तुमच्या पैशाची तजवीज करता येईल."

त्यानं माझ्यासमोर बसून लिहिलं, 'चालू हिशेबी वर्षाच्या अखेरीस निवृत्त होत आहे.' सही ठोकली. मी त्याला चहा दिला. तोही त्यानं घेतला नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी तो पैसे न्यायला आला. गल्ला रिकामा होता. हंगामासाठी मी दिवाळीआधीच कधी नव्हे इतकं लाकूड घेऊन ठेवलं होतं.

"वर्ष मार्चला संपतंय, भाऊजी," मी म्हटलं. "वकिलांनी तुमच्यासमोर सांगितलंय."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मार्च म्हणजे काय हे नाशिक जिल्ह्यात त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? "नोटीस फाडून टाका," म्हणाला. मी करारावर बोट ठेवलं.

मग तो उलटा कामाला लागला. जानेवारीपासून पेट्या गेल्या की हा मागोमाग स्कूटर घेऊन बागेत हजर. "मार्चच्या आत पैसे द्या, सूट देतो." निफाडचा रावजी म्हणाला, "माझा माल अजून वेलीवर हाय, पैसे कुठून दिऊ?" तरी दोघाचौघांनी उचल काढून द्यायची तयारी केली. तेव्हा मी स्वतः एसटीनं बागोबाग फिरले. एप्रिल उलटल्यावर पैसे देणाऱ्याला त्याच्यापेक्षा जास्त सूट, असं सगळ्यांना सांगून आले. माझंही त्यात नुकसान होतं. मी ते हसत सोसलं. त्या मार्चमध्ये एकाही बागेतून दमडी आली नाही.

एकतीस तारखेला आम्ही झुंबर वकिलांकडे बसलो. लांबलेल्या वर्षात खर्च दोन हंगामांचा मांडलेला, जमा मात्र एकाच हंगामाची. वकिलांनी बेरीज केली, चष्मा काढला आणि सांगितलं की गोरक्षचा वाटा उणे निघतोय. त्यालाच अकरा हजार भरावे लागतील.

गोरक्षनं कागद ओढून बेरीज स्वतः एकदा करून बघितली. मग अगदी हळू म्हणाला, "वहिनी, पुंजारामच्या वेळेला मी लबाडी केली. मला ठाऊक होतं जूनमध्ये पैसे येनार म्हणून. त्याच्या मांडवात उभं राहून मी तुम्हाला फसवलं. चुकलं माझं."

आठ वर्षं मी या वाक्यासाठी जगले होते. वाटलं होतं, तो हे म्हणेल तेव्हा मला रडू येईल. आलं नाही. हे मला आधीच ठाऊक होतं, त्यात त्यानं नवीन काय दिलं?

"सही करा, भाऊजी," मी म्हटलं.

त्यानं सही केली आणि पेन हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. तो कशाची वाट बघतोय ते मला कळत होतं. अकरा हजार सोडले, एवढे तीन शब्द त्याला हवे होते. वकीलसुद्धा माझ्याकडे बघायला लागले.

"अकरा हजार कधी देताय?" मी विचारलं.

अंबडचा प्लॉट त्याला सोडावा लागला. बयाण्यातले कापून जेवढे परत मिळाले ते त्यानं पुढच्याच आठवड्यात शेडवर आणून दिले. खिळे ठोकणाऱ्या सगळ्या बाया हात थांबवून बघत होत्या. मी पैसे मोजून घेतले, पावती दिली आणि थोडे कमी होते तेवढे मागून घेतले.