जतला निघालेला बेडूक

माझे वडील अर्जुना, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, जतहून मला भेटायला आले आणि परतताना भाकरीच्या डब्यात बेडूक घालून निघाले. मी कोयनेच्या जंगलात वनखात्याची कंत्राटी गाईड. पर्यटकानं पान तोडलं तरी डाफरणारी. आणि घरचाच माणूस असं करतो म्हटल्यावर माझं डोकं सणकलं.

झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली दिसली म्हणून डबा उघडला. ओल्या फडक्यात तो बसलेला, कुशीवर पिवळे डाग. "हा कशाला घेतलात?" मी विचारलं.

गावाकडं पाऊस नव्हता. अशा वेळी अंगाला कडुलिंब बांधलेल्या पोराच्या, म्हणजे धोंडीच्या, काठीला बेडूक बांधून दारोदार फिरायचं आणि घरोघरी त्या दोघांवर पाणी ओतायचं, ही आमच्याकडची रीत. यंदा तिकडं बेडूकच सापडेना, म्हणून गावानं ते काम अण्णांवर टाकलेलं. इथली शेकरूची पाटी त्यांनी वाचली होती, त्याला हात लावायचा नाही एवढं कळलं होतं. बेडकाची पाटी कुठंच नव्हती.

मी समजावत बसले. शेकरू उंदराच्या गणातलं, पिलांना दूध पाजणारं, अजून बऱ्याच जंगलांत टिकून आहे. हा भेक, म्हणजे बेडकाच्या गोतातला, आणि कोयनेचा हा परिसर सोडला तर कुठं फारसा सापडतच नाही. अण्णांनी मला मधेच अडवलं.

"शेतातला उंदीर मारायचा, झाडावरचा जपायचा. आन जो संपत आलाय त्याची पाटीच न्हाई? ह्ये कसलं गं शास्तर?"

पुस्तकात सगळं स्वच्छ लिहिलंय, पण सांगताना माझाच गुंता झाला. माझी नोकरी जाईल, एवढंच मी म्हणाले.

अण्णा डबा घेऊन कातळावरच्या डबक्यांकडं वळले. पण कुठल्या डबक्यातून उचलला ते त्यांना आठवेना, सगळी डबकी सारखीच. तसलाच दुसरा दिसला तिथं सोडला.

"आता गावाला काय सांगणार, अण्णा?"

"बेडूक गावला न्हाई म्हनायचं. धोंडी मीच हुतो. माझ्यावर वता म्हनावं पानी."

धोंडी होतात ती लहान पोरं. अण्णांना गुडघ्यांमुळं धड चालवत नाही. अंगाला कडुलिंब बांधून ते दारोदार फिरणार, आणि टँकरसाठी रांगेत उभी राहणारी माणसं त्यांच्या डोक्यावर तांब्या रिकामा करणार. एसटी सुटली तेव्हा हसावं की रडावं मला कळेना. आलं ते रडूच.