गेटच्या आत नाव नाही

फ्रेंच पाहुण्यांसोबत जाणाऱ्या गाईडची निवड धावत्या जिप्सीतच व्हायची होती. नागपूरहून फ्रेंच शिकवायला आलेल्या दिव्यानी मॅडम मागच्या सीटवर, स्टिअरिंगवर धनराजभाऊ आणि त्यांच्या शेजारी सुकरी. आज पास झाली नाही, तर हाही हंगाम "वाघाची गॅरंटी आहे का?" असं विचारणाऱ्या सहलींसोबत जाणार, हे तिला ठाऊक होतं.

वर्गात तिचे हालच झाले होते. "टेबल बाईमाणूस काऊन? अन् नपुंसकलिंग कुठी ठेवलं यायनं?" फ्रेंचमध्ये 'नाही' म्हणायला क्रियापदाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे दोन शब्द लागतात. त्यातला एक ती हमखास घरी विसरून यायची.

जंगलात मात्र झाड, नदी, मोर, सगळं लिंगासकट बरोबर आलं. मग मॅडमनी वाघाबद्दल बोलायला सांगितलं.

सुकरी फ्रेंचमध्ये म्हणाली, "तो रात्री जेवतो. दुपारी झोपतो. उठवलं की चिडतो."

"मी वाघाबद्दल विचारलंय, नवऱ्याबद्दल नाही."

धनराजभाऊंना गाडी थांबवून हसावं लागलं. "सुकरी दोघायचंही नाव घेत नाई, मॅडम."

"जंगलात त्याचं नाव घेत नाई आमच्यात," सुकरी म्हणाली. "घेतलं का हाजीर होते."

"नाम हवंच. आणि त्याच्याआधी त्याचं लिंग सांगणारा शब्द. नाहीतर नापास."

"म्हणून टाक ना एकडाव," धनराजभाऊ म्हणाले.

"तुमीच म्हना, भाऊ."

"मी काऊन? माही कुठी परीक्षा हाय?"

मॅडम वैतागून उभ्या राहिल्या. "असं म्हणायचं! ल तिग्र! ल तिग्र! झालं का काही?"

बांबूच्या रांजीतून तो निघाला आणि गाडीसमोर वाटेवरच बसला.

मॅडमचा एक पाय सीटवर चढला.

"न बुजे पा," सुकरी कुजबुजली. हलू नका. अलीकडचा आणि पलीकडचा, दोन्ही शब्द जागच्या जागी होते.

तो उठून, आळस देऊन, पलीकडच्या झाडीत जाईपर्यंत मॅडम तशाच एका पायावर होत्या. मग हळूच बसल्या. "गेला का... तो?"

गेटचा आडवा बांबू ओलांडून गाडी बाहेर आली, तशी सुकरी वळून मोठ्यानं म्हणाली, "ल तिग्र! पुल्लिंग! आता लिहा, मॅडम."

मॅडमनी आधी मागं गेटकडे पाहिलं.

"पास आहेस. पण हळू बोल."