सत्यवान नावाचा पट्टा

मी एक जुना पट्टा आहे, मित्रांनो. पिठाच्या चक्कीचा. कापड आणि रबर यांचे थर एकावर एक दाबून मला बनवलं.

बारा वर्षं मी दुर्गाबाईंच्या चक्कीवर फिरलो. वर गहू टाकला की खाली गव्हाचं पीठ पडे, ज्वारी टाकली की ज्वारीचं. न टाकलेलं धान्य खाली कधीच आलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.

माझा सांधा उसवला, तेव्हा पोलीस जमादार महादेवराव दळण न्यायला आले होते. "बाई, हा पट्टा मले द्या. ठाण्यात लागते."

"ठाण्यात काय दळता, जमादार?" दुर्गाबाई हसल्या.

ठाण्यात माझं फार कौतुक झालं. मला तेल पाजलं. सत्यवान असं नाव ठेवलं. सत्यवानाला आणा म्हटलं की माणसं बोलत. मला वाटे, मी खरं दळतो.

मग अवनी हरवली. आठ वर्षांची. आईवर रुसून शाळेतूनच निघाली होती. ऑटोवाला धर्मपाल स्वतःहून ठाण्यात आला.

"साहेब, त्या पोरीले मीच सोडलं चांदूर रेल्वेच्या स्टेशनवर. मावशी घ्यायले येऊन राहिली म्हणे."

महादेवरावांनी दार लावलं. "न बोलावता आला. म्हणजे यानंच नेली."

शिपाई दामिनी म्हणाली, "साहेब, पहिले चांदूरले फोन तं करा."

"पोरगी तिकडे मरून राहिली अन् तू याची बाजू घेऊन राहिली? तुई पोरगी असती तं?"

"माई असती तं मी आतापर्यंत चांदूरले पोचली असती."

तिला चहा सांगायला बाहेर पाठवलं. ती गेली. फोन तिनंही केला नाही. हुकूम नव्हता.

मला खिळ्यावरून काढलं.

"कौंडण्यपूरच्या यात्रेत नेली ना?"

"नाही साहेब. चांदूर."

मी.

"कौंडण्यपूर ना?"

"चांदूर."

मी. मी. मी.

"कौंडण्यपूर ना?"

"हो."

सगळ्या गाड्या कौंडण्यपूरला गेल्या. दोन दिवस यात्रा धुंडाळली. तिसऱ्या दिवशी अवनी सापडली, चांदूर स्टेशनामागच्या कोरड्या विहिरीत. डॉक्टर म्हणाले, "कालपर्यंत जिवंत होती."

वर टाकलं होतं कौंडण्यपूर. खाली कौंडण्यपूरच पडलं.

तुम्ही विचाराल, खरा गुन्हेगार असता तर? मला विचारू नका. मला फक्त 'हो' ऐकू येतं. ते कुणाचं, कशाचं, हे मला कळत नाही. आणि खरं निघालं असतं, तरी ती पाठ माझ्यात राहिलीच असती.

माझ्या सांध्यात अजून थोडं पीठ आहे. धर्मपालही आहे.

नवे जमादार परवा मला तेल लावत होते. जुन्या वस्तूंना जपा, असं शेवटी सांगायची रीत आहे. मित्रांनो, मला जपू नका. बारीक कापून टाका.

आणि कुणीतरी चांदूरला फोन करा.