पाईप गुंडाळताना

मी बंबावरचा पाईप बोलतोय. हो, तोच! आग लागली की सगळ्यात आधी ज्याला ओढत नेतात आणि विझली की चिखलात सोडून सगळे पाणी प्यायला जातात, तो. बाहेरून जाड कापड, आतून रबर, दोन्ही टोकांना पितळी तोंडं. कारखान्यात मला पाण्याच्या जोराने फुगवून पाहिलं, तेव्हा मी फुटलो नाही. त्याचा मला अजून ताठा आहे.

अग्निशमन केंद्रावर आलो आणि थोरल्यांच्या हाती पडलो. ते वयाने काही फार मोठे नव्हते, पण आगीत शिरताना पुढे तेच असत, म्हणून सगळे त्यांना थोरले म्हणत. स्वभाव थट्टेखोर. काळेकुट्ट होऊन परतले तरी म्हणायचे, "चला, आज पावडर फुकट मिळाली!"

एकदा एका इमारतीला आग लागली. वरच्या मजल्यावर एक आजोबा अडकले होते. थोरले मला घेऊन जिना चढले. धुरातून आजोबांची हाक ऐकू येत होती. तेवढ्यात छत खचायला लागलं आणि केंद्राच्या साहेबांनी सगळ्यांना मागे बोलावलं. थोरले मागे फिरले. थोड्या वेळाने हाक थांबली.

साहेबांचं चुकलं नव्हतं. जरा उशीर झाला असता तर थोरलेही गेले असते. सगळ्यांनी त्यांना तेच सांगितलं, पाठ थोपटली आणि विषय संपवला.

त्यानंतर थोरले मला सारखे धुवायला लागले. वाळायला टांगलेला मी, मला खाली काढून पुन्हा ब्रश! तोंडाने विनोद चालूच. बाकीचे म्हणायचे, "थोरल्यांना स्वच्छतेचं वेड लागलंय." पाणी कुठे मुरतंय हे मला नाही कळणार तर कुणाला? पण सांगणार कसं?

मग कार्यालयाने एक ताई पाठवल्या. संकटात सापडलेल्यांच्या आणि त्यांना सोडवणाऱ्यांच्या मनाला आधार देणं हे त्यांचं काम. आजोबांच्या घरच्यांकडेही त्याच जात होत्या. साहेबांनी त्यांना खोली दिली आणि दारावर 'समुपदेशन' अशी पाटी ठोकली. झालं! त्या दारात पाऊल टाकणार कोण? एक जण नुसता पंखा दुरुस्त करायला आत गेला, तर त्याची किती दिवस चेष्टा चालली होती.

ताई मात्र चिवट. पाटी त्यांनीच काढली आणि सरळ अंगणात आल्या. थोरले मला गुंडाळायला घेत होते.

"दादा, एक टोक मी धरू?"

"कपडे खराब होतील, ताई."

"होऊ देत."

त्यांनी मला टोकाकडूनच गुंडाळायला घेतलं. एक पितळी तोंड पार पोटात गेलं. थोरले ओरडलेच, "अहो, हे काय करताय! आगीच्या वेळी हे तोंड शोधत बसायचं का? मधोमध दुमडायचं, दुमडीकडून गुंडाळत यायचं. दोन्ही तोंडं बाहेर!"

ताईंनी मला उलगडून पुन्हा गुंडाळलं. दुसऱ्या दिवशीही आल्या, तिसऱ्याही. या कामाला दोघं लागतात आणि दोघांची नजर माझ्यावर असते, एकमेकांकडे बघावं लागत नाही. थोरले हळूहळू बोलायला लागले. झोप येत नाही. हाक ऐकू येते. बायकोला काही सांगितलेलं नाही.

एके दुपारी ते म्हणाले, "मीच वर राहिलो असतो तर बरं झालं असतं." आणि सवयीने हसले.

ताई हसल्या नाहीत. त्यांनी सरळ विचारलं, "दादा, जीव द्यायचा विचार येतो का मनात?"

थोरल्यांच्या हातातून मी सुटलो आणि घरंगळत उलगडत गेलो. कुणी मला उचललं नाही.

"येतो," ते म्हणाले. "आज सकाळीपण आला होता."

"सांगितलंत ते बरं केलंत. आता मी तुम्हाला एकटं सोडणार नाही. वहिनींना फोन कोण करणार, तुम्ही की मी?"

"तिला कशाला? घाबरेल ती."

"घाबरली तरी येईल."

फोन थोरल्यांनीच केला. वहिनी कामावरून तशाच धावत आल्या. "गावभरच्या आगी विझवतोस, आणि माझ्यापाशी तोंड उघडायला काय होतं रे तुला?" असं म्हणत त्या ओल्या फरशीवर त्यांच्याशेजारी बसल्या. थोरले रडले, पोटभर रडले. मला फार बरं वाटलं.

ताई त्या दोघांना घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेल्या. मग औषधं, रजा, बोलणं. लगेच सगळं सुरळीत झालं, असं मुळीच नाही. रजेवरून परतल्यावर थोरले आधी पंपापाशी उभे राहायचे. मला धरून पुढे जायला त्यांनी बराच वेळ घेतला. पण गेले. आता बंब परतला की पाईप गुंडाळताना जोडीदाराची विचारपूस करायची, असा नियमच झालाय. सुरुवातीला सगळे लाजायचे. आता साहेबांनाही सोडत नाहीत.

परवाच्या चाचणीत मी फुटलो. वय झालं. आता मला कापून माझे तुकडे शिडीच्या पायांना बांधणार आहेत, ती घसरू नये म्हणून. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

जाता जाता एवढंच सांगतो. तुमच्यातला कुणी असा हसून वेळ मारून नेत असेल, तर "काय, बरंय ना?" म्हणून पुढे जाऊ नका. थांबा आणि विचारा. जड जातं, मला माहीत आहे. त्या दुपारी माझं एक टोक ताईंच्या हातात होतं आणि ते हात थरथरत होते. तरी त्यांनी विचारलं.