जलद आणि साधी

पेन्सिल अर्ध्यावर झिजलेली, तिच्या एका कडेचा लाल रंग उडालेला, आणि ती कॅसेटच्या दातेरी भोकात घालून नाना सावकाश फिरवत होते — टेपमध्ये उलटी गुंडाळली की फीत ताणते, असं त्यांचं म्हणणं — आणि त्यांची मुलगी शिवकन्या दारात पिशवीची चेन लावता लावता पाहत होती, की त्यांचा अंगठा पूर्वीपेक्षा हळू फिरतोय, की आपल्यालाच कुर्डुवाडीच्या गाडीची घाई झालीय.

"वीस मिनिटं हायत," नाना मान वर न करता म्हणाले. परंड्याच्या स्टँडवर अठ्ठावीस वर्षं कंट्रोलर म्हणून माईकवरून गाड्या पुकारलेला माणूस. निवृत्तीला अकरा वर्षं झाली तरी वेळापत्रक डोक्यातून उतरलं नव्हतं. "एक गाणं बसतंय त्यात. ऐक अन् आज तरी खरं सांग. साधी का जलद?"

ती उभ्यानंच ऐकत राहिली. निम्मं लक्ष घड्याळाकडे. गाणं संपलं, आणि ती नेहमीसारखं म्हणाली, "दोन्ही चांगले आहेत, नाना."

"दोन गाड्यांत एकदम बसता येत न्हाय," नाना हसून म्हणाले. मग पिशवी उचलून फाटकापर्यंत आले. नऊ दिवसांनी ते अंघोळीला पाणी काढताना बसले ते उठलेच नाहीत. नऊ दिवसांत चार वेळा फोनवर बोलणं झालं, पण या विषयावर नाही. आईच्या गुडघ्यावर, नळाच्या पाण्यावर…

आता टेप तिच्या समोर आहे आणि ती पुसत बसली आहे. चौदावा दिवस झाला, पाहुणे गेले. आई ओसरीवर शेंगा फोडतेय. ही टेप पुण्याला न्यायची, एवढंच काय ते तिनं ठरवलेलं आहे. बाकी काहीच ठरत नाही. पुसताना तिला समजेना की आपण धूळ काढतोय की नानांच्या बोटांचे ठसे, आणि तिचा हात मध्येच थांबला.

मी तेव्हा सातवीत होते, ती आठवू लागली. किल्ला पाहायला आलेला कुणी परदेशी माणूस एसटीत पिशवी विसरून गेला. पिशवीत एक टॉवेल आणि दोन कॅसेट — कव्हर नाही, वर निळ्या शाईत काहीतरी, जे आमच्या इंग्रजीच्या सरांनाही लागलं नाही. हरवलेल्या सामानाच्या मुदतीपर्यंत कुणी आलं नाही. एक कॅसेट नानांनी घरी आणली, दुसरी स्टँडसमोरच्या महांतप्पांना दिली. महांतप्पांचं घड्याळं-रेडिओ दुरुस्तीचं दुकान. दोन्हीत गाणी तीच, त्याच क्रमानं, पण गाणारे दोन, हे दोघांनाही पहिल्याच आठवड्यात कळलं, आणि तिथून जे भांडण लागलं ते सत्तावीस वर्षं.

नावं माहीत नव्हती म्हणून नानांनीच ठेवली, एसटीच्या गाड्यांवरून. महांतप्पांच्या दुकानात वाजायचा तो 'जलद': कुठं न थांबता सुटायचा आणि वरच्या सुराला वेळेवर पोचायचा, लखलखीत. आमच्या घरी वाजायची ती 'साधी'. थोडी जड, थोडी अंधारी, प्रत्येक थांबा घेत जाणारी, वर चढताना जरा डुगडुगणारी, आणि तो सूर लागेल की नाही अशी धास्ती ऐकणाऱ्याला लावून मग लागणारी. नाना त्या जागेला डोळे मिटायचे. महांतप्पा म्हणायचे, "अरे रामकिसन, त्याला दम लागलाय, दम. ह्याला गाणं म्हन्तोस व्हय?" नाना म्हणायचे, "अप्पा, तुझा गडी पोचतो, पण बघत कायबी न्हाय वाटंत." आई आतून म्हणायची, "त्या दोघांच्याबी पोटात दुखतंय, एवढंच मला कळतंय."

शिवकन्यानं पुढं पुण्यात ग्रंथपाल झाल्यावर सगळं शोधून काढलं होतं. ते तिकडचं संगीत नाटक, ऑपेरा. तो पुरुषाचा सगळ्यांत उंच आवाज, टेनर. आणि तिकडंही लोक यावरूनच भांडतात — कुणाला चकचकीत आवाज हवा, कुणाला गडद — थिएटरात वरच्या सज्जातले रसिक न आवडलेल्या गायकाला तोंडावर हुर्यो करतात. नानांना सांगितलं तेव्हा ते केवढे खूश झाले. "म्हंजे आपण काय येडे न्हाय, अप्पा. तिकडं मोठमोठ्या थेटरात हेच चाललंय." पण तिनं एक सांगितलं नव्हतं. तिनं त्या गाण्याची कितीतरी ध्वनिमुद्रणं ऐकली होती आणि तिला जलद सापडला होता, नावागावासकट. साधी कुठंच सापडली नव्हती. आणि तज्ज्ञांनी जे जे दोष म्हणून लिहिलं होतं — सुराखाली राहणं, थरथर, ओढलेली लय — ते सगळं साधीत होतं. म्हणजे नाना चुकत होते. पुस्तकाप्रमाणे चुकत होते. म्हणून 'दोन्ही'. 'दोन्ही' म्हटलं की खोटंही होत नाही आणि कुणाला लागतही नाही, असं तिला वाटायचं… की आपल्याला उघडपणे चुकीच्या बाजूला बसायचं नव्हतं?

दुपारी चारला महांतप्पा आले. तिनंच बोलावलं होतं. स्क्रू-ड्रायव्हरची पिशवी, डोळ्याला लावायचं भिंग. चपला काढून आधी नानांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि जमिनीवर बसले.

"वर बसा की, भावजी," आई म्हणाली.

"बरंय हितं."

"काही दुरुस्त करायचं असेल तर आत्ताच करा, अप्पा," ती म्हणाली. "पुण्यात ही दुरुस्त करणारं कुणी मिळत नाही."

महांतप्पांनी मागचे चार स्क्रू काढले, झाकण बाजूला ठेवलं. आत बोट घालून फीत फिरवणारा काळा रबरी बेल्ट उचलला, तो जुन्या रबरबँडसारखा लोंबला. मग पिशवीतून नवा काढला, बारीक, ताठ. तो बोटाला अडकवून त्यांनी ताणून पाहिला.

"बसवू का?"

"बसवा ना. विचारताय काय?"

"बसवला तर साधी ऱ्हानार न्हाय, पोरी."

तिला काही कळेना. महांतप्पा टेपकडे पाहूनच बोलत होते. "एकदा फीत गुंतली म्हून रामकिसननं त्याची कॅसेट दिल्ती दुकानात. तू कॉलेजात असशील. म्या माझ्या टेपवर लावली. तोच गडी गं. माझाच. ह्यो बेल्ट ढिला, म्हून हितं फीत सावकाश फिरती, आवाज जड व्हतो, खाली उतरतो, डुगडुगतो. गडी एकच हाय."

"नानांना…?"

"न्हाय सांगितलं. दर दसऱ्याला टेप यायची माझ्याकडं. हेड पुसायचो, तेल द्यायचो, अन् बेल्ट तसाच ठेवायचो. दोन रुपयांचा बेल्ट तव्हा. बसवला असता तर दोघं एकच गाणं ऐकत बसलो असतो. मग संध्याकाळचं दुकानात यायला त्याला कारण काय ऱ्हायलं असतं? लबाडीच केली म्हन."

आईच्या शेंगा फोडण्याचा आवाज थांबला होता.

शिवकन्याच्या मनात एकदम इतकं काही आलं, की त्यातलं एकही धड धरता येईना. म्हणजे साधी कुणीच नाही. सापडणार कशी — ती या खोलीबाहेर कुठंच नव्हती. दर वर्षी बेल्ट थोडा आणखी सैल, आवाज थोडा आणखी खाली. नानांबरोबर म्हातारा होत गेलेला एक गाणारा, आणि नाना डोळे मिटून ज्याची वाट पाहायचे तो सूर एका रबराच्या थकण्यातून आलेला. मग नाना चुकले की फसले? की त्यांनीच खरं ऐकलं… आणि मी, सगळं वाचलेली, मी दारात उभी राहून काय ऐकत होते? महांतप्पांवर चिडावं असं वाटलं, आणि चीड येईना. हसू येईल असं वाटलं, तेही नाही.

तिनं पुढं होऊन त्यांच्या हातातला जुना बेल्ट घेतला. तो तिच्या तळहातावर मऊ, चिकट पडला. "हाच परत घाला," ती म्हणाली.

"अगं, हा आता वर्सभरबी टिकायचा न्हाय."

"घाला."

त्यांनी घातला. झाकण न लावताच बटण दाबलं. आधी खरखर, मग ती वाद्यं, जरा वाकडी, जरा पाण्याखालून आल्यासारखी, आणि मग तो आवाज — लहानपणी अभ्यास करताना, ताप आलेला असताना, नाना ड्यूटीवरून येऊन पाय धूत असताना या खोलीत असलेला. तो वर चढू लागला. डुगडुगला. ती श्वास रोखून उभी होती, आणि आपण श्वास रोखलाय हे तिच्या पहिल्यांदाच लक्षात आलं. की नेहमीच रोखत होतो? की हे आज, ते नाहीत म्हणून? विचारायला कुणी नव्हतं.

सूर लागला. थोडा खाली.

महांतप्पा सत्तावीस वर्षांच्या सवयीनं मान हलवत पुटपुटले, "दम लागलाय त्याला, दुसरं काय न्हाय." आणि म्हणता म्हणता खुर्चीकडे वळले.

खोलीत नुसता तो आवाज होता. कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं.

"लागू द्या की," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच मोठा वाटला. ती महांतप्पांकडे पाहत होती, की खुर्चीकडे, हे तिला नीट सांगता आलं नसतं. "मला साधी आवडते, नाना."