पट्टीच्या वरचं मैदान

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो. जुना म्हणजे किती, तर माझ्या पोटातला पंखा फिरू लागला की शेजारच्या काकू भिंतीवर थाप मारून ओरडायच्या, "अहो, तो मिक्सर बंद करा!" माझ्या तोंडावर मधोमध आडवी चिकटपट्टी आहे, तिला हसू नका. ती मलमपट्टी नाही. तिचीच हकिकत सांगायला बसलो आहे.

कारखान्यात माझे ढीगभर भाऊ एका रांगेत उभे होते. तपासणाऱ्या बाईंनी सगळ्यांना एकदा पुसलं आणि मला दोनदा, असं मी आजवर सांगत आलो आहे आणि पुढेही सांगणार आहे. पहिली नोकरी मिळाली दाताच्या डॉक्टरांकडे. बाहेरच्या टेबलावर बसून मी पेशंटची नावं लिहून घ्यायचो आणि आतल्या किंकाळ्या ऐकायचो. माझ्या पंख्याचा आवाज तिथेच बिघडला.

एकदा डॉक्टरांनी दवाखान्याच्या किल्ल्या आत ठेवून बाहेरून दार ओढून घेतलं. गाल सुजलेले लोक जिन्यात कण्हत उभे. मग कुलपं दुरुस्त करणारे एक गृहस्थ आले. त्यांनी कुलपाला कान लावला, त्याच्याशी काहीतरी कुजबुजले आणि दार उघडलं. डॉक्टरांनी खूश होऊन मला त्यांच्या हवाली केलं. डॉक्टरांना तसाही नवा कॉम्प्युटर घ्यायचा होता, असं काही लोक म्हणतात. लोकांना काय, काहीही बोलतात.

कुलूपवाल्यांचं घर दुकानाच्या मागेच होतं. घरात माणसं दोनच, बाबा आणि त्यांची लेक. लेकीनं माझ्यात एक खेळ आणून घातला. फुटबॉलचा संघ चालवायचा खेळ. यात चेंडूला पाय लावायचा नसतो. कुणी कुठे उभं राहायचं ते ठरवायचं आणि मग हात चोळत बघत बसायचं. बाबांना हे फार आवडलं. बचावाचं काम त्यांनी लगेच आपल्याकडे घेतलं. मागच्या खेळाडूंना त्यांनी नावं दिली कडी, कोयंडा, खिट्टी आणि बिजागरी. गोलरक्षकाचं नाव अडसर.

"बाबा, प्रत्येकाला समोरचा एकेक माणूस धरायला सांगा ना," लेक म्हणायची.

"मुळीच नाही. जागा धरायची. कुलूप कधी चोरामागे धावतं का?"

"कुलूप गोलही करत नाही, बाबा."

"ते तुझं काम. आणि तुझा तो भामटा आधी माझ्या पोरांच्या पायांतून बाजूला कर."

भामटा म्हणजे लेकीचा लाडका आक्रमक. कोवळं पोरगं, दुसऱ्याच्या पायातला चेंडू कधी पळवायचं ते कळायचंही नाही. त्यावरून रोज भांडण जुंपायचं. बाबा भामट्याला मागे ओढायचे, ती कोयंड्याला पुढे ढकलायची. शेवटी एका संध्याकाळी तिनं चिकटपट्टी घेतली आणि माझ्या तोंडावर, बरोबर मैदानाच्या मध्यरेषेवर लावली. "वरचं माझं, खालचं तुमचं. हद्द ओलांडायची नाही!"

"कबूल," बाबा म्हणाले. कुलूपवाल्याचा शब्द, मित्रांनो. तो हातोडीनंही तुटत नाही.

ते माझे सुखाचे दिवस. दुकानाचं शटर खाली आलं की दोघं माझ्यासमोर येऊन बसायची. बाबा बचावफळी गोलाजवळ घट्ट ठेवायचे. लेक समोरच्या संघाला हूल द्यायची. जिंकली की माझ्या डोक्यावर थाप पडायची. त्या काळात मी इतका तापायचो की माझ्या पाठीवर लेकीचे मोजे वाळायचे. हे मात्र अगदी खरं आहे.

मग लेकीला लांबच्या शहरात नोकरी लागली. बॅग उचलताना ती म्हणाली, "आता वरचंही तुम्हीच बघा हं, बाबा."

"बघू," बाबा म्हणाले.

ते बघू तिथेच राहिलं. संध्याकाळी ते एकटेच माझ्यासमोर बसायचे. तिची खुर्ची जागेवरच असायची. पट्टीखाली त्यांचं काम चालू असायचं. कडीला थोडं आत घे, खिट्टीला सांग बाजूनं येणारा रस्ता बंद कर, फळी आणखी खाली ओढ. पडद्यावरच्या बाणाचं टोक पट्टीपर्यंत यायचं, थांबायचं आणि मागे फिरायचं. वर लेकीनं लावलेली माणसं तशीच. खेळातही वय होतं, मित्रांनो. भामट्याचे पाय जड झाले. चेंडू शेजारून जायचा आणि तो नुसती मान वळवायचा. बाबा माझी काच रोज पुसायचे. पट्टीच्या कडेनं हळूच फडकं फिरवायचे. ती पिवळी पडली तरी तिला धक्का लावला नाही.

लेकीचा फोन यायचा.

"कसं चाललंय, बाबा?"

"मस्त. गोल खात नाही."

"आणि आपण करतो का?"

"जेवलीस का तू?"

तिला वाटलं, खेळ केव्हाच बंद पडला असेल. आपण विचारलं तर बाबांना वाईट वाटेल. म्हणून तिनं पुढे विचारलंच नाही. बाबांना वाटलं, वरच्या एका माणसाला जरी हलवलं, तरी लेक खरंच गेली असं होईल. मला दोघांचंही कळत होतं. पण माझ्याकडे बोलायला होतं काय? एक पंखा.

आणि मग खेळातल्या मालकांची सूचना आली. पुढचा सामना जिंका, नाहीतर संघ तुमच्या हातून जाईल. संघ गेला की पट्टीखालचं जाणार आणि पट्टीवरचंही. बाबांनी चष्मा पुसला. त्या दिवशी त्यांनी असा बचाव उभा केला की मुंगीनं परवानगी मागावी. समोरच्यांचे फटके अडसरच्या हातात अलगद येत होते. पण बरोबरी पुरणार नव्हती, गोल हवा होता. सामना संपत आला आणि वर भामटा गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत उभा. त्याला बाहेर काढून ताजा माणूस घालायचा, एवढंच करायचं होतं.

बाण पट्टीपाशी आला. पुढे सरकेना.

तेव्हा मी गोठलो. जागच्या जागी. माझ्या पोटात धूळ साचली होती, असं नंतर कुणीतरी म्हणालं. तुम्ही कोणावर विश्वास ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा.

बाबांनी मला चापट मारली नाही. लेकीला फोन लावला.

"अगं, हा अडकून बसलाय."

"बंद करून चालू करा."

"नको गं. सामना चाललाय."

"तुम्ही अजून खेळता?"

"भामटा फार दमलाय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "तो अजून तिथेच आहे? अहो बाबा, त्याला कधीच काढायला हवा होता."

"तुझ्या हद्दीत होता तो."

रविवारी ती आली. हातात रंगाचा ब्रश, नाकाला रुमाल. माझी पाठ उघडली आणि एवढी धूळ काढली की एक उशी भरली असती. मला पुन्हा सुरू केलं. चाललेला सामना पुसला गेला आणि पुन्हा सुरुवातीच्या आधी येऊन उभा राहिला. तिनं पट्टीच्या वर आणि खाली नीट पाहिलं.

"बाबा, हा सामना आपण हरणार. वरचे सगळेच म्हातारे झालेत."

"ते दिसतंच आहे."

"मग खेळायचा कशाला? राहू दे असाच."

आणि तिनं भामट्याला अलगद उचलून पट्टीच्या खाली आणलं, कडी आणि कोयंड्याच्या मध्ये ठेवलं. "इथे बसू दे याला. पाय दुखत असतील." बाबा हसले आणि उगाचच चष्मा पुसू लागले.

तिनं सोबत एक सडपातळ नवा कॉम्प्युटर आणला होता. त्यावर आता दोघं इंटरनेटवरून रोज खेळतात, ती तिकडून आणि बाबा इकडून. परवाच मी ऐकलं, "बाबा, माझ्या हद्दीत या की जरा! गोल कोण करणार?" नव्याचा पंखा वाजत नाही. काकूंची थाप कधी येत नाही.

मी दुकानातल्या फळीवर आहे, जुन्या कुलपांच्या शेजारी. माझं कुणाशी भांडण नाही. फक्त मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी असेल तर कधीतरी त्याची धूळ झटका. आणि घरातलं कुणी लांब गेलं असेल तर त्याची जागा जरूर जपा, पण ती रिकामी वाटते हे त्यालाही सांगा.

माझं बटण दाबलंत तर हळू दाबा. आत सगळे रांगेत उभे आहेत. कडी, भामटा, कोयंडा, खिट्टी, बिजागरी आणि मागे अडसर. शिट्टी अजून वाजलेली नाही. आम्ही अजून हरलेलो नाही.