तोब्रुक, आलामीन आणि राजूर

मित्रांनो, मी एक जुना, पोचे पडलेला डबा आहे. ॲल्युमिनियमला इकडे जर्मन म्हणतात, म्हणून राजूर गावच्या बायका मला जर्मनचा डबा म्हणतात. पण मी पक्का इटलीचा! ब्रेशिया नावाच्या पायदळ डिव्हिजनमधला शिपाई पिएत्रो माझ्यात जेवायचा.

दुसऱ्या महायुद्धात आमची डिव्हिजन समुद्र ओलांडून इंग्रजांविरुद्ध लिबियाच्या वाळवंटात लढली. महिनोन्‌महिने आम्ही तोब्रुकला वेढा घालून बसलो. मग इजिप्तमध्ये एल आलामीनपर्यंत गेलो. पिएत्रो खिळ्याने माझ्या अंगावर ठिकाणाचं नाव आणि साल कोरायचा. १९४२च्या नोव्हेंबरात डिव्हिजन पार मोडली. गाड्या नव्हत्या, पाणी नव्हतं. पिएत्रो पकडला गेला, तेव्हा इंग्रजांच्या फौजेतल्या, राजूरच्या साहेबराव नावाच्या शिपायाने त्याला आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं. पिएत्रोकडे द्यायला फक्त मीच होतो.

साहेबराव मला घरी घेऊन आले. "मी आलामीनला लढलो," असं ते पारावर सांगायचे आणि लोक गालात हसायचे. त्यांचे कागद वाळवीने खाल्ले होते. चाळीस वर्षं त्यांचं कुणी खरं मानलं नाही. मला फार वाईट वाटायचं. पुरावा माझ्या अंगावर होता, पण ती परकी अक्षरं घरात कुणालाच वाचता येत नव्हती.

१९८३ साली तर तो पुरावाही पुसला जाणार होता. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दुसऱ्याच्या नावाचं भांडं घरात दिसलं, की ते मागून आणलं आणि परत केलं नाही असं समजतात. एका लग्नात कुणीतरी साहेबरावांच्या सुनेला, दुर्गाबाईंना, तसा टोमणा मारला. त्या तणतणत मला घेऊन भांड्यांवर नावं घालणाऱ्या लालमियाँकडे गेल्या.

"हे घासून काढा अन्‌ आमच्या मामांचं, सासऱ्यांचं नाव टाका."

लालमियाँनी कानस उचलली. पण ते थांबले.

"बाई, हे दुकानातलं काम न्हाई. कुणीतरी खिळ्यानं कोरलंय, बराबर साल टाकून. वाचल्याबिगर मी पुसणार न्हाई."

त्यांनी हायस्कुलात निरोप धाडला. इतिहासाचे मच्छिंद्र सर आले आणि मोठ्याने वाचू लागले. "पिएत्रो. ब्रेशिया डिव्हिजन. तोब्रुक, १९४१. एल आलामीन, १९४२."

दुर्गाबाईंनी मला परत हातात घेतलं. "हे तर मामा रोज सांगून राह्यले की."

पुढच्या सव्वीस जानेवारीला सरांनी मला शाळेच्या मैदानात उंच धरलं आणि अक्षर न्‌ अक्षर वाचलं. झेंड्याची दोरी साहेबरावांच्या हातात होती. पारावर हसणारे तेच लोक टाळ्या वाजवत होते. माझी डिव्हिजन हरली होती, पण त्या दिवशी मला जिंकल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू? पिएत्रोच्या नावाखाली लालमियाँनी साहेबरावांचंही नाव घातलं.

त्या संध्याकाळी दुर्गाबाई सासऱ्यांसमोर येऊन बसल्या. "मामा, तो पिएत्रो कसा होता?"

साहेबरावांनी मला मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "माझ्याच वयाचा होता, पोरी. घरी जायचं म्हणून रडून राह्यल्ता."

मित्रांनो, तुमच्या घरात असं कुणी असेल, तर हे विचारायला चाळीस वर्षं लावू नका.